आवरलेला संताप

राग हा माणसाचा फार जुना सोबती आहे. मराठी भाषेने त्याची किती रूपे टिपून ठेवली आहेत! कोणाच्या तळपायाची आग मस्तकात जाते, कोणी दात-ओठ खातो, कोणी डोक्यात राख घालून घेतो. ज्याच्यावर रागावण्याची छाती होत नाही त्याला सोडून एखाद्या दुबळ्यावर कोणी राग काढला, तर लोक म्हणतात, 'वड्याचे तेल वांग्यावर काढले!' आणि मनात राग असूनही जो भयाने तोंड उघडत नाही, तो मूग गिळून बसतो. एकाच विकाराभोवती एवढे वाक्प्रचार गोळा झाले, ते उगाच नव्हे. राग प्रत्येकालाच येतो. परंतु आलेल्या रागाचे काय करावे, हे मात्र फार थोड्यांना उमगते.

राग आला म्हणजे माणसाचे शरीरही बदलते. हृदयाचे ठोके जलद पडू लागतात, श्वास भराभर चालतो, मुठी आवळल्या जातात, चेहरा लाल होतो. ॲड्रेनलिन नावाचे द्रव्य रक्तात मिसळते आणि शरीर जणू लढाईला सज्ज होते. ही सज्जता निसर्गाने संकटाशी झुंजण्यासाठी दिलेली आहे. परंतु त्या घटकेला शांतपणे विचार करण्याची शक्ती मंदावते. म्हणूनच रागाच्या भरात उच्चारलेला शब्द आणि उगारलेला हात यांचा पश्चात्ताप पुढे पुष्कळ दिवस करावा लागतो.

तर मग राग गिळून टाकावा काय? हा उपायही खरा नव्हे. गिळलेला राग नाहीसा होत नाही; राखेखालच्या निखाऱ्याप्रमाणे तो आतल्या आत धुमसत राहतो. शिवाय सगळेच राग क्षुल्लक कारणाचे नसतात. खेळताना चेंडू मिळाला नाही म्हणून आलेला राग सायंकाळपर्यंत विसरून जावा, हेच बरे. पण डोळ्यांदेखत अन्याय होत असेल, माणसाला माणूस म्हणून वागवले जात नसेल, तर त्याचा राग येणे हा दोष नसून जिवंत मनाची ती खूण आहे. असा राग ओकून टाकला तर नाश होतो आणि गिळून टाकला तर अन्याय चालूच राहतो. या दोन्हींखेरीज तिसरी वाट आहे की नाही? आहे. ती कशी चालावी लागते, हे कोकणातील महाड या गावी इ. स. १९२७ साली दिसून आले.

महाड हे सावित्री नदीच्या काठचे व्यापारी गाव. त्या काळी ते कुलाबा जिल्ह्यात मोडत असे. आज तो जिल्हा रायगड या नावाने ओळखला जातो. या गावात चवदार तळे नावाचा एक मोठा जलाशय आहे. तळे नगरपालिकेच्या मालकीचे, म्हणजे सर्व लोकांचे. तरीही ज्या जातींना त्या काळी अस्पृश्य मानले जाई, त्या जातींच्या माणसांना तेथे पाण्याला हात लावण्याची बंदी होती. अन्य धर्मांच्या लोकांना तेथे मज्जाव नव्हता. गुरेढोरे त्या तळ्यावर पाणी पीत. बाजारासाठी किंवा सरकारी कामासाठी मैलोगणती चालत आलेल्या तहानलेल्या माणसाला मात्र ते पाणी केवळ डोळ्यांनी पाहावे लागे.

कायद्याने ही बंदी उठवण्याचा प्रयत्न झाला होता. रावबहादूर सीताराम केशव बोले यांच्या ठरावाला मुंबईच्या कायदे कौन्सिलाने १९२३ साली मान्यता दिली. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा यांचा वापर अस्पृश्य मानलेल्या लोकांनाही करू द्यावा, असा तो ठराव होता. त्याला अनुसरून १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनेही आपले तळे सर्वांसाठी खुले असल्याचे ठरवले. पण ठराव कागदावर राहिला. तळ्याकडे जाण्याचे धाडस कोणालाही झाले नाही, कारण काठावर लोकांचा रोष उभा होता.

अशा वेळी, मार्च १९२७ मध्ये, महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. डॉ. भीमराव आंबेडकर तिचे अध्यक्ष होते. दूरदूरच्या खेड्यांतून हजारो लोक भाकऱ्या बांधून पायी आले. या परिषदेपुरते पिण्याचे पाणी चाळीस रुपये खर्चून विकत घ्यावे लागले. त्या काळी चाळीस रुपये ही लहान रक्कम नव्हती. भरलेले तळे हाकेच्या अंतरावर आणि पाणी मात्र विकत! ज्यांनी हे सोसले, त्यांच्या मनात राग नव्हता असे कोण म्हणेल? तो राग एका दिवसाचा नव्हता. तो आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून मुलाकडे आलेला होता.

२० मार्च रोजी परिषदेतील लोक रांगेने मांडवाबाहेर पडले. महाडच्या बाजारातून शिस्तीने चालत ते चवदार तळ्यापाशी आले. डॉ. आंबेडकर तळ्याच्या पायऱ्या उतरले. त्यांनी ओंजळीत पाणी घेतले आणि ते प्राशन केले. त्यांच्यामागून इतरांनीही पाणी घेतले. कोणाच्या हातात शस्त्र नव्हते, कोणाला शिवीगाळ झाली नाही. एक ओंजळभर पाणी पिऊन ती माणसे आली तशीच शांतपणे परतली. पिढ्यान्‌पिढ्यांचा संताप त्या दिवशी प्रथम बोलला, आणि तो इतक्या सौम्य भाषेत बोलला!

परंतु त्याच दिवशी, त्याच गावात, एक दुसराही संताप जागा झाला. हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत, अशी अफवा कोणीतरी उठवली. तिच्यात काही तथ्य नव्हते. पण रागाला तथ्य कुठे लागते? लाठ्या घेतलेला जमाव परिषदेच्या मांडवावर चालून आला. पुष्कळ लोक तोपर्यंत गावी जावयास निघाले होते. मागे राहिलेले कोणी जेवत होते, कोणी सामानाची बांधाबांध करीत होते. जमावाने त्यांना मारहाण केली, अन्न मातीत मिसळले. रस्त्यात एकटेदुकटे गाठूनही लोकांना मारण्यात आले. वीसेक माणसे चांगलीच जखमी झाली. काहींना मुसलमानांच्या घरी आश्रय मिळाला म्हणून ते वाचले.

डॉ. आंबेडकर त्या वेळी सरकारी बंगल्यात उतरले होते. वार्ता कळताच ते दोन-तीन सोबत्यांनिशी बाहेर पडले. वाटेत खवळलेल्या जमावाने त्यांना घेरले. देवळात शिरण्याचा आमचा मुळीच विचार नाही, असे त्यांनी त्या लोकांना शांतपणे सांगितले आणि ते पुढे गेले. इकडे बंगल्याजवळ त्यांची शंभरावर माणसे जमली होती. आपल्या भावांची फुटलेली डोकी त्यांनी पाहिली होती. त्यांच्या समाजात लष्करात नोकरी केलेले, लढाई पाहिलेले पुष्कळ लोक होते. मार खाऊन स्वस्थ बसण्याची त्यांना सवय नव्हती. सर्वांचे डोळे आपल्या पुढाऱ्याकडे लागले होते. त्यांनी मान हलवली असती, तरी महाडच्या रस्त्यांवर रक्ताचा सडा पडला असता.

ती घटका मोठ्या कसोटीची होती. अन्याय झाला होता, हे उघड होते. राग न्याय्य होता, हेही उघड होते. प्रतिकाराची शक्ती नव्हती, असेही नव्हे. तरीही डॉ. आंबेडकरांनी आपल्या माणसांना हात उचलू दिला नाही. आपली माणसे शांतता मोडणार नाहीत, याची हमी त्यांनी पोलिसांना दिली, आणि त्या माणसांनी आपल्या पुढाऱ्याचा शब्द राखला. ज्याच्या हातात काहीच नाही त्याचे शांत राहणे आणि ज्याच्या मुठीत बळ आहे त्याचे शांत राहणे, या दोन गोष्टींत केवढे अंतर आहे!

ही शांतता भित्रेपणाची नव्हती, हे पुढच्या घटनांनी दाखवून दिले. त्या लोकांना महाडमध्ये काय हवे होते? पाणी हवे होते आणि पाण्यावरचा हक्क हवा होता. त्यांनी उलट मारहाण केली असती, तर पाण्याची गोष्ट मागे पडली असती. दोन्ही बाजूंच्या दंगलखोरांची नावे सरकारदप्तरी एकाच पानावर लिहिली गेली असती आणि दोष कोणाचा, हा प्रश्न गढूळ झाला असता. आता मात्र मारणारा कोण आणि मार खाणारा कोण, हे लख्ख दिसत होते. हल्लेखोरांवर खटला झाला आणि जून १९२७ मध्ये त्यांपैकी पाच जणांना चार महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली.

तरीही राग शमावा असे काही घडले नाही. उलट जखमेवर मीठच चोळले गेले. तळे बाटले असे म्हणून गावातील काही लोकांनी त्याची शुद्धी केली. तळ्यातून एकशे आठ घागरी पाणी उपसले, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळले आणि ते पाणी मंत्रोच्चारासह पुन्हा तळ्यात ओतले. माणसाच्या स्पर्शाने बाटलेले पाणी गुरांच्या शेणाने पवित्र झाले! लाठीचे वण काही दिवसांनी बुजतात. हा अपमान त्याहून खोल गेला.

डॉ. आंबेडकरांनी या रागालाही काम दिले. ३ एप्रिल १९२७ रोजी त्यांनी 'बहिष्कृत भारत' हे पाक्षिक सुरू केले. जे मुठीने बोलायचे राहिले होते, ते त्यांनी लेखणीने बोलून दाखवले. त्या लेखांत संताप होता, पण प्रत्येक वाक्याच्या पाठीशी विचार होता. ऑगस्टमध्ये महाडच्या नगरपालिकेने तळे खुले करण्याचा आपला जुना ठराव मागे घेतला. तेव्हा त्या तळ्यावर पुन्हा सत्याग्रह करण्याचे ठरले.

२५ डिसेंबर १९२७ रोजी हजारो लोक पुन्हा महाडला जमले. गावातील हिंदूंकडून मांडवासाठी जागा मिळेना. ती फत्तेखान नावाच्या एका मुसलमान गृहस्थाने दिली. पहिल्याच दिवशी परिषदेने मनुस्मृती या ग्रंथाची प्रत जाहीरपणे जाळली. ही कृती सौम्य नव्हती, आणि सौम्य असावी असा हेतूही नव्हता. माणसांना जन्मावरून उच्च-नीच ठरवणाऱ्या नियमांवरचा तो उघड रोष होता. पण हेही लक्षात घेण्यासारखे आहे, की तो रोष नियमावर होता, महाडच्या कोणा माणसावर नव्हता. त्या प्रसंगीही कोणाच्या घराला आच लागली नाही.

मात्र तळ्याच्या वाटेत एक नवी अडचण उभी राहिली होती. गावातील काही लोकांनी १२ डिसेंबरला दिवाणी न्यायालयात दावा लावला होता. तळे खाजगी मालकीचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. दाव्याचा निकाल लागेपर्यंत तळ्यावर जाऊ नये, असा तात्पुरता मनाईहुकूम न्यायालयाने दिला. परिषदेला आलेले लोक तर पाणी घेण्याच्या निर्धाराने आले होते. साडेतीन हजारांहून अधिक माणसांनी तुरुंगात जाण्याची तयारी ठेवून आपली नावे नोंदवली होती. जिल्ह्याचे कलेक्टर स्वतः परिषदेत आले आणि न्यायालयाचा हुकूम मोडू नये, असे त्यांनी सांगितले. लोकांना ते पटेना. तळे समोर दिसत असताना रिकाम्या हातांनी परतायचे?

अखेर २७ डिसेंबरला डॉ. आंबेडकरांनीच सत्याग्रह तहकूब करण्याचा सल्ला दिला. त्या वेळी विरोध करणे सोपे होते आणि टाळ्याही मिळाल्या असत्या. परंतु ज्या न्यायालयाकडून उद्या न्याय मागायचा, त्याचाच हुकूम आज मोडला, तर आपली बाजू दुबळी होईल, हे त्यांनी ओळखले होते. लोकांना हे ऐकणे जड गेले, तरी त्यांनी ते मानले. मग सर्व लोकांनी मिरवणुकीने तळ्याला वळसा घातला. हजारो माणसे काठाकाठाने चालली, पण एकानेही पाण्याला हात लावला नाही. मार्चमध्ये पाणी पिण्यासाठी जेवढे धैर्य लागले होते, तेवढेच, किंबहुना त्याहूनही अधिक, त्या दिवशी न पिण्यासाठी लागले असेल.

त्यानंतरची लढाई मांडवात नव्हे, न्यायालयात झाली. तेथे घोषणा नव्हत्या, जयजयकार नव्हता. होते ते जुने कागद, साक्षीपुरावे आणि तारखांमागून तारखा. रागावर स्वार झालेला माणूस या वाटेने चार पावलेही चालू शकत नाही. १९३१ साली महाडच्या न्यायालयाने आणि १९३३ साली ठाण्याच्या न्यायालयाने निकाल दिला; दोन्ही ठिकाणी दावा लावणाऱ्यांची हार झाली. ते मुंबईच्या उच्च न्यायालयात गेले. तेथे १७ मार्च १९३७ रोजी शेवटचा निकाल लागला. तळे नगरपालिकेच्या मालकीचे आहे आणि अस्पृश्य मानलेल्यांना तेथे बंदी घालणारी अनादिकालाची रूढी सिद्ध होत नाही, असे न्यायालयाने ठरवले. पहिल्या ओंजळीपासून या निकालापर्यंत दहा वर्षे लोटली होती.

दहा वर्षे हा काळ थोडा नव्हे. मार्च १९२७ मध्ये बापाच्या खांद्यावर बसून परिषदेला आलेले मूल त्या वेळी शाळकरी वयाचे झाले असेल. एवढा उशीर व्हावा, हेदेखील अन्यायाचेच एक रूप होते, आणि ज्यांचा काही अपराध नव्हता त्यांनाच संयमाची सर्वांत मोठी किंमत मोजावी लागली. हे विसरून त्यांच्या संयमाचे नुसते गोडवे गाणे योग्य होणार नाही.

पण त्या ओंजळीतले पाणी महाडपुरते राहिले नाही. पुढे स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेचा मसुदा तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद डॉ. आंबेडकरांकडे आले. ती राज्यघटना २६ जानेवारी १९५० रोजी अंमलात आली. तिच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. तिच्या पंधराव्या अनुच्छेदात असे सांगितले आहे, की सरकारी पैशाने राखलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट व रस्ते यांच्या वापराला धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणालाही मज्जाव करता येणार नाही. देशाच्या सर्वोच्च कायद्यात विहिरी आणि तलाव यांचा उल्लेख का यावा, असे एखाद्याला वाटेल. ज्याला महाडची हकीकत ठाऊक आहे, त्याला तसे वाटणार नाही.

महाडला त्या एकाच दिवशी दोन संताप समोरासमोर उभे होते. एक अफवेतून जन्मला होता. आपण कशासाठी रागावलो आहोत, हे त्याने स्वतःला विचारले नाही. त्याने लाठी उचलली आणि तो लज्जेचा विषय होऊन राहिला. दुसरा संताप खऱ्या दुःखातून आला होता. आपल्याला काय हवे आहे, याचा त्याला क्षणभरही विसर पडला नाही. म्हणून त्याला वाट सापडली. पुराचे पाणी गावे बुडवते आणि तेच पाणी पाटाने नेले तर शेते पिकवते. पाणी तेच असते, फरक असतो तो पाट खणण्याच्या श्रमांचा. रागाचेही असेच आहे. राग आला म्हणजे माणसाने स्वतःला दोन प्रश्न विचारावेत : हा राग कशाचा? आणि यातून मला काय साधायचे आहे? ज्याला या दोन प्रश्नांची उत्तरे सापडली, त्याचा राग वाया जात नाही.

शब्दार्थ
विकार – मनाची प्रबळ भावना. मज्जाव – बंदी. रोष – राग. प्राशन करणे – पिणे. तथ्य – खरेपणा. तहकूब करणे – पुढे ढकलणे. मनाईहुकूम – एखादी गोष्ट करू नये असा न्यायालयाचा आदेश. पाट – शेताला पाणी नेण्यासाठी खणलेला चर.

स्वाध्याय
१. चवदार तळे नगरपालिकेच्या मालकीचे असूनही कोणाला तेथे पाणी घेता येत नव्हते?
२. २० मार्च १९२७ रोजी महाडमध्ये कोणते 'दोन संताप' दिसून आले? त्यांतील फरक सांगा.
३. उलट मारहाण केली असती तर काय झाले असते? पाठाच्या आधारे लिहा.
४. पाणी पिण्यापेक्षा ते न पिण्यासाठी अधिक धैर्य लागले असेल, असे पाठात का म्हटले आहे?
५. वाक्यांत उपयोग करा : मूग गिळून बसणे, जखमेवर मीठ चोळणे, डोक्यात राख घालून घेणे, शब्द राखणे.
६. तुम्हांला योग्य कारणासाठी राग आला असा एखादा प्रसंग आठवा. त्या रागाला कोणते काम देता आले असते, ते दहा ओळींत लिहा.